तोच घाट, दुसऱ्यांदा

"माफ करा... तुमचं लग्न झालंय का?"

प्रश्न विचारून झाला आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्या एका हातात सायकलचं निखळलेलं पेडल आहे, नाकावर वंगणाचा काळा पट्टा आहे आणि समोरचा माणूस... बाई गं, समोरचा माणूस खरंच देखणा आहे!

तो थांबला. त्याच्या हातात एक लांब दांडी होती आणि दांडीच्या टोकाला एकच मोठं चाक. जणू कुणीतरी त्याची सायकल चोरताना घाईघाईत एवढंच मागं ठेवून गेलं असावं. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रिकामा रस्ता, वर वर वळत गेलेला घाट आणि भणाणणारा वारा. म्हणजे प्रश्न त्यालाच होता.

"नाही," तो म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "का? पेडल बसवायला लग्न झालेला माणूस लागतो का?"

"नाही नाही! म्हणजे... पैज होती. मैत्रिणींची. तुम्ही मनावर घेऊ नका."

"बरं. नाही घेत."

इतक्या पटकन कबूल व्हायची काय गरज होती, असं तिला वाटून गेलं. पण ते बोलून दाखवण्याइतकी काही ती बावळट नव्हती.

तिला सगळे सुतळी म्हणत. अंगानं सडसडीत, आणि वात लागली की कान बंद करून लांब पळावं अशी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन ती घरी आली ती दारातूनच ओरडत आली होती, "मी सायकलनं समुद्रापर्यंत जाणार! एकटी!"

बाबांची मोटार शिकवायची शाळा होती. जन्मभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्यांचा उजवा पाय कायम ब्रेक शोधत असे. घरात कुणी जरा जोरात बोललं, तरी टेबलाखाली पाय दाबला जाई. त्या दिवशी तर तो इतका दाबला गेला, की चप्पल तुटली.

"एकटी म्हणजे? दोन चाकांवर?"

"मग काय, चार चाकांची सायकल करू?"

"आणि रस्त्यात काही झालं तर?"

"तर मी निस्तरेन."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शांतपणे म्हणाली, "जाऊ दे की. आपण काय जन्मभर तिच्या शेजारच्या सीटवर बसणार आहोत?"

शेवटी बाबांनी अट घातली. दीपगृहापर्यंतची सगळी वाट स्वतःच्या पायांनी. शेवटच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत दीपगृहाच्या फाटकाशी हजर. मध्ये कुणाच्याही गाडीत इंचभर जरी बसली, तरी पुन्हा एकटीनं सायकलवर जायचं नावसुद्धा काढायचं नाही.

"आणि पोचले तर?"

"तर..." बाबांनी तुटकी चप्पल पायानं चाचपली. "तर यापुढं मी तुला कधीच अडवणार नाही. शब्द."

"मी साक्षीदार," आई म्हणाली.

आणि आज तो शेवटचा दिवस होता. आत्तापर्यंतची वाट कशी झकास गेली होती! पाय दुखले, पाठ सोलवटली, एकदा कुत्रं मागं लागलं, पण सगळं झकास. उरला होता फक्त हा घाट. चढायचा, पलीकडे उतरायचं, की समुद्र!

पण घोटाळा झाला होता तो सकाळीच. रात्री जिथं मुक्काम केला, त्या घराचा बोळ इतका चिंचोळा, की सायकल आत शिरेना. बाहेर ठेवायला जीव धजेना. मग सुतळीनं दोन्ही पेडलं काढली आणि सायकल आडवी-तिडवी करून आत घेतली. सकाळी ती पेडलं परत बसवताना फोनवर तिच्या मैत्रिणी होत्या, चष्मिस आणि रेडिओ. चष्मिसला चष्मा होता आणि रेडिओला बंद करायचं बटण नव्हतं. दोघी एकदमच बोलत होत्या.

"आज पहिला जो धड दिसणारा मुलगा भेटेल ना," रेडिओ म्हणाली, "त्याला तोंडावर विचारायचं, तुमचं लग्न झालंय का!"

"वेडी आहेस का?"

"घाबरली! सुतळी घाबरली! भिजली सुतळी!"

"कोण घाबरलंय? विचारेन. दहादा विचारेन!"

त्या तावातावात पेडल काही सरळ आत जाईना. पण सुतळीचा एक जुना सिद्धांत होता : जोर लावला की जगात सगळं बसतं. तिनं पाना लावला आणि पान्यावर चक्क उभी राहिली. करकर आवाज झाला. बसलं! दुसरं? तेही बसलं.

आणि आता घाटाच्या पायथ्याशी डावं पेडल बुटासकट निखळून आलं होतं, उजवं डुगडुगत होतं, आणि भर दुपारी समुद्राकडून येणारा वारा तिला जिथून आली तिकडे परत ढकलत होता.

"मला सायकलमधलं काहीही कळत नाही," तो म्हणाला. "पण संध्याकाळी आमच्या खात्याची जीप येते. आत्ता फोन केला तर आत्ताही येईल. तुम्हाला वर सोडेल."

सुतळीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. या प्रवासात तिला भेटलेला प्रत्येक पुरुष, अगदी ज्यानं जन्मात सायकल चालवली नव्हती तोसुद्धा, तिला सायकल कशी चालवायची ते सांगून गेला होता. 'मला कळत नाही' म्हणणारा हा पहिलाच.

"थँक्यू. पण मी गाडीत बसत नाही."

"गाडी लागते?"

"नाही हो! शब्द दिलाय. सूर्य बुडायच्या आत दीपगृह, आणि सगळी वाट पायांनी. उचलून नेलेलं चालत नाही."

हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की सुतळीला क्षणभर पेडलबिडल सगळं विसरायला झालं.

"माझंही अगदी तसंच!" तो म्हणाला. "म्हणजे माझं नाही, याचं." त्यानं हातातलं चाक थोपटलं. "रस्त्याची मोजणी. हे चाक जमिनीवरून फिरतं आणि वरच्या डबीत आकडा पुढं सरकतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत जायचं, आणि मध्ये उचलायचं नाही. उचललं की मोजणी गेली."

"मग काय करायचं?"

"मागच्या खुणेपासून पुन्हा." त्यानं पायाशी रस्त्यावर ओढलेली ताजी पिवळी रेघ दाखवली. "ही पहिली. दुसरी एकदम माथ्यावर. मी नोकरीला लागल्यापासून एकदाही चाक उचललेलं नाही."

हे सांगताना त्याची मान जराशी ताठ झाली. ती ताठ मान सुतळीला ओळखीची वाटली. आरशात रोज दिसायची तशीच.

"चला मग," ती म्हणाली, आणि सायकल ढकलायला लागली. "बघू कोण आधी थकतं. एक चाक का दोन."

ते निघाले. तो रस्त्याच्या कडेकडेनं, त्याचं चाक टिक-टिक करत. ती त्याच्या शेजारून, सामानानं लादलेली सायकल रेटत. वारा असा, की बोलायचं तर ओरडूनच. त्यामुळे साध्या साध्या गोष्टीसुद्धा भांडल्यासारख्या ऐकू येत होत्या.

"तुम्हाला कंटाळा येत नाही?" ती ओरडली. "दिवसभर एकट्यानं चालायचं!"

"तुम्हाला येतो का? दिवसभर एकटीनं सायकल!"

"मला? मी स्वतःशी बोलते!"

"मीही! पण मी आकड्यांत बोलतो!"

ती इतकी हसली, की सायकल कलंडली. त्यानं पटकन एक हात पुढं केला... आणि तिच्या हाताला लागायच्या आत मागं घेतला. दुसरा हात मात्र चाकावरून हलला नव्हता. 'बघा, याला पण शिस्त आहे,' सुतळीनं मनात नोंदवलं, आणि कारण नसताना कानापर्यंत लाल झाली. बरं झालं, उन्हात कुणाला कळत नाही.

तरी ढकलणं ते ढकलणंच. वळणामागून वळण येत होतं. दंड भरून आले, पोटऱ्या दगड झाल्या. एक ट्रक वर गेला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून ओरडून विचारलं, "ताई, टाकू का मागं?" तिनं नुसती मान हलवली. बोलली असती तर रडू आलं असतं. थकव्याचं तिला काही नव्हतं. आपण हा घाट चालवत नाही, ढकलतोय, हे खुपत होतं. बाबांची अट मोडत नव्हती, पण तिची स्वतःची मोडत होती.

त्यानं ते पाहिलं असावं. पण तो 'बसा जरा' म्हणाला नाही, की 'होतं असं' म्हणाला नाही. फक्त आपली पाण्याची बाटली पुढं केली आणि दुसरीकडे दरी बघत उभा राहिला, तिला डोळे पुसायला पुरेसा वेळ.

अर्धा घाट झाला आणि एका उघड्या वळणावर वाऱ्याचा असा तडाखा आला, की सुतळीच्या हातून सायकलच सुटली. सायकल धाडकन आडवी. सीटवरच्या पिशवीत खोचलेलं पेडल बाहेर उडालं, टणाटण उड्या मारत उतारावरून सुटलं, थेट कठड्याच्या भगदाडाकडे. खाली दरी!

"पेडल!" ती किंचाळली.

तो धावला. धावला म्हणजे कसा! दांडी काखोटीला मारून, टोपी उडू देऊन, पुढच्या क्षणी रस्त्यावर पालथा. भगदाडाच्या अगदी तोंडाशी त्याचा पंजा पेडलवर पडला.

तो उठला. कोपर खरचटलेलं, शर्टाची धूळधाण, आणि एखादा चषक जिंकल्यासारखं पेडल वर धरलेलं. तो हसतच होता... आणि मग सुतळीच्या नजरेचा माग काढत त्यानं स्वतःच्या काखेकडे पाहिलं.

चाक हवेत होतं. वाऱ्यानं आपलं मजेत गरगरत होतं.

"तुम्ही... चाक उचललंत," सुतळी हळूच म्हणाली.

"हं."

"माझ्यामुळं."

"पेडलमुळं," तो म्हणाला.

"मग आता जिथून उचललंत तिथंच ठेवा ना. कुठं बरं होतो आपण... तो दगड होता ना? की त्याच्या अलीकडे?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. सगळीकडे तसेच दगड, तशीच खडी, खूण कुठंच नाही. "ते नक्की माहीत असतं तर चाललं असतं."

"अंदाजानं ठेवा. कुणाला कळणार आहे? इथं कुणी तरी आहे का बघायला?"

"मी आहे ना," तो म्हणाला.

इतकं साधं म्हणाला! ना आव, ना उपदेश.  या सगळ्या वाटेवर सुतळीला किती जणांनी विचारलं होतं, 'बस की गाडीत थोडं, घरी कुणाला कळणार?' आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात हेच उत्तर आलं होतं. अगदी हेच.

"पेडल गेलं असतं तर तुमचा सगळा प्रवास गेला असता," तो म्हणाला. "माझी तर नुसती दुपार गेली. घ्या."

तिनं पेडल घेतलं. ते पुसताना तिचं लक्ष पेडलच्या आट्यांकडे गेलं. मग सायकलवर डुगडुगणाऱ्या दुसऱ्या पेडलकडे गेलं. तिनं तेही फिरवून काढलं. दोन्ही शेजारी शेजारी धरली. आणि...

"अगं बाई!"

"काय झालं?"

"बघा! याचे आटे इकडून चढतात, आणि याचे तिकडून! उलटे आहेत! डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं मी सकाळी. पान्यावर उभी राहून!" तिनं कपाळावर हात मारला, त्यामुळे तिथंही एक काळा पट्टा आला. "आणि मला वाटलं सायकलचं डोकं फिरलंय. डोक्याचे आटे तर माझेच ढिले होते!"

तो हसायचं नाही म्हणून ओठ चावत होता.

"हसा, हसा! जोरात हसा. माझ्या मैत्रिणी असत्या तर आत्तापर्यंत लोळल्या असत्या."

मग तो हसला. वाऱ्याच्या वरताण हसला.

पण उजव्या बाजूचं पेडल नीट बसलं, तरी डावीकडच्या भोकातले आटे सकाळच्या जोर लावण्यानं झिजले होते. पेडल सैल राही. सुतळी मांडी घालून रस्त्याच्या कडेला बसली आणि विचार करायला लागली. फोन काढून बाबांना विचारता आलं असतं. नाही विचारलं. "पातळ पत्रा हवा," ती शेवटी म्हणाली. "आट्यांभोवती गुंडाळला की गच्च बसेल. कागदासारखा पातळ."

त्यानं आपली पिशवी उघडली आणि थंड पेयाचा कॅन काढला. "हा चालेल? पण भरलेला आहे."

"मग रिकामा करावा लागेल."

"कामाची गरज म्हणून."

"हो, फक्त कामाची गरज म्हणून," ती गंभीरपणे म्हणाली.

कठड्याच्या आडोशाला, वारा जरा चुकवून, दोघांनी आळीपाळीनं एक-एक घोट घेत तो कॅन रिकामा केला. पेय गरम झालं होतं, गोडमिट्ट होतं आणि सुतळीनं आजवर प्यायलेल्या सगळ्या पेयांत तेच सर्वांत चांगलं होतं. शेवटचा घोट त्यानं तिला दिला. तिनं अर्धा परत त्याला ठेवला. उपकार नको होते तिला, बरोबरी हवी होती.

मग चाकूनं पत्र्याची पट्टी कापून, आट्यांभोवती गुंडाळून, पुढच्या चाकाच्या दिशेनं फिरवत फिरवत तिनं पेडल बसवलं. या वेळी पान्यावर उभी राहिली नाही. हळूच, कान देऊन, एकेक आटा ऐकत. गच्च बसलं!

"झालं!" तिनं दोन्ही हात वर केले. "मी केलं!"

"तुम्हीच केलंत," तो म्हणाला, आणि ते त्यानं अशा काही अभिमानानं म्हटलं, की जणू घाट त्यानं स्वतःच बांधला होता.

 आता तिला वर जायचं होतं आणि त्याला खाली. सूर्य डोक्यावरून बराच कलला होता.

"निघा तुम्ही," त्यानं चाक खांद्यावर टाकलं. "सूर्य काही तुमच्यासाठी थांबणार नाही. दीपगृह वेळेत गाठा."

तो उतरायला लागला. सुतळीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. मनात हिशोब मांडला. अवघड होतं. पण जमणार नाही इतकं नव्हतं. तिनं सायकल वळवली.

"अहो! हे काय?" ती त्याच्या शेजारून सुर्रकन खाली गेली तेव्हा तो ओरडला.

पायथ्याच्या पिवळ्या रेघेवर ती एक पाय टेकून त्याची वाट बघत उभी होती. तो धापा टाकत पोचला.

"तुमच्यासाठी नाही हं आलेय!" तिनं आधीच सांगून टाकलं. "मी अर्धा घाट ढकलत नेलाय. तो मला चालवायचाय. उद्या कुणी विचारलं, घाट चढलीस का, तर काय सांगू? अर्धा?"

"हो, हो. बरोबर आहे."

"उगीच गैरसमज नको."

"छे, छे. मी मनावर घेतच नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या गालाला खळी पडली.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. "कुठं आहेस? आम्ही दुसऱ्या रस्त्यानं दीपगृहाकडे निघालोय, सायकल टपावर बांधायला दोर घेऊन. वारा केवढा सुटलाय! सांग, वळवू का गाडी घाटाकडे?"

"नको बाबा."

"किती चढलीस?"

सुतळीनं पिवळ्या रेघेकडे पाहिलं. "आत्ताच सुरुवात करतेय."

 पलीकडे बाबांचा पाय नक्की दाबला गेला असणार. मागून आईचा आवाज आला, "अहो, ठेवा तो फोन. तिला चढू दे."

तर असा तो घाट दुसऱ्यांदा सुरू झाला. त्याचं चाक टिक-टिक, तिची दोन चाकं सूं-सूं. समोरून वारा आणि पायाखाली चढ. सायकलचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच. एरवी तिला याची लाज वाटली असती. आज वाटलं, सायकलवर बसून कुणाच्या बरोबरीनं जायची सोय केवळ घाटानंच करून ठेवलीय. पाय पेटले होते. श्वास कमी पडत होता. पण प्रत्येक वळण तिनं चालवत घेतलं. ट्रकवाल्यानं 'ताई, टाकू का' विचारलं होतं ते वळण, रडू आलं होतं ते वळण, पेडल उडालं होतं ते वळण. तिथं आल्यावर त्यानं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आता काहीही उडालं तरी मी धावणार नाही!"

"मी उडाले तरी?"

वारा एकदम पडल्यासारखा झाला. निदान तिला तरी तसं वाटलं.

"मग..." तो चाकाकडे बघत म्हणाला, "मग पुन्हा खालून मोजेन."

त्यानंतर माथ्यापर्यंत दोघांनीही नजर रस्त्यावरून हलवली नाही. दम लागला होता ना. दुसरं काय कारण असणार!

आणि माथा आला. एकदम आला. समोरचा डोंगर खाली बसला आणि तिथं समुद्र होता. लांबच लांब, तांब्याच्या रंगाचा, आणि त्याच्या काठावर खडूच्या तुकड्याएवढं पांढरं दीपगृह. सुतळी सायकलवरून उतरली आणि दांड्यावर रेलून हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. या वेळी तिनं ते लपवलं नाही.

त्यानं रस्त्यावर दुसरी पिवळी रेघ ओढली. रेघ जराशी वाकडी आली. मग तो गुडघ्यावर बसला आणि ब्रशानं तिच्या डाव्या पेडलवर एक छोटा पिवळा ठिपका दिला.

"डावं-उजवं कळायला," तो म्हणाला. वर पाहिलं. "दुपारचा तुमचा प्रश्न होता ना... तोच आता मी विचारला तर चालेल?"

"कुठला?" तिला पक्कं माहीत होतं कुठला.

"तुमचं झालंय का लग्न?"

"आत्ता कुठं दुसरं वर्ष संपलंय माझं कॉलेजचं!" ती म्हणाली. "आधी तिसरं. मग नोकरी. मग अजून बरेच रस्ते आहेत सायकलनं जायचे."

"मला घाई नाही," तो म्हणाला. "मी पायीच जातो सगळीकडे."

 इतकं चांगलं उत्तर रेडिओलासुद्धा सुचलं नसतं.

"उद्या?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी इथूनच पुन्हा खाली मोजत जायचं. रस्ता एकदा मोजून भागत नाही. जाताना एकदा, येताना एकदा. दोन्ही आकडे जुळले तर मोजणी खरी." तो थांबला. "तुम्ही तर... गाडीतून जाल."

"हो. बाबा टपावर बांधायला दोर घेऊन आलेत."

"हं," तो म्हणाला. तेच मघाचं, चाक हवेत असतानाचं 'हं'. मग त्यानं समुद्राकडे बोट केलं. "पळ आता. सूर्य बघ कुठं आलाय."

पळ. बघ. 'अहो-जाहो' बोलता बोलता कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. आणि ते उचलायला मागं कुणीच गेलं नाही.

उतारावर सुतळी नुसती सुटली. वाऱ्यानं डोळे भरले, कान वाजले, पिवळा ठिपका पायाखाली गरागरा फिरत राहिला. डोंगराच्या सावल्या रस्ता गिळत होत्या. एक वळण, सूर्य लालबुंद. दुसरं वळण, त्याची खालची कड पाण्याला टेकलेली. मग सपाट रस्ता, आणि तिथं वारा पुन्हा छातीवर. आता उतार नव्हता, फक्त तिचे पाय होते. घाट दोनदा चढलेले पाय. 'चला रे,' ती त्यांना म्हणाली, 'आता काय दमताय!'

फाटकाशी बाबा एका जागी उभे राहू शकत नव्हते. आई मात्र कठड्यावर बसून सूर्याकडे असं बघत होती, की त्याची खाली जायची हिंमत होऊ नये. सुतळी शेवटच्या वळणावरून दिसली तेव्हा सूर्याची अर्धी चकती पाण्याबाहेर होती. फाटकाच्या खांबाला तिचा हात लागला तेव्हा नखाएवढी कड शिल्लक होती.

"आहे! अजून आहे!" आई ओरडली. "मी साक्षीदार!"

बाबांनी तिला जवळ घेतलं. घामासकट, वंगणासकट.  "दिला शब्द, दिला," ते एवढंच म्हणाले. "यापुढं तुला अडवणार नाही." मग डोळे पुसत त्यांनी सायकल हातात घेतली. "चल, बांधतो टपावर. रात्री आराम कर, उद्या मस्त गाडीत झोपून घरी."

आई खाली वाकून बघत होती. "हा पिवळा ठिपका कसला गं?"

"डावं-उजवं कळायला."

"अस्सं? इतके दिवस नव्हतं कळत?" आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ पाहिलं. "वेळ का लागला एवढा?"

सुतळीनं एक मोठा श्वास घेतला. मागं वळून डोंगराकडे पाहिलं. माथ्यावर अजून थोडं ऊन होतं. वाकड्या पिवळ्या रेघेएवढं.

"मी घाट दोनदा चढले," ती म्हणाली. "एकदा ढकलत आणि एकदा चालवत. वर एक जण आहे, रस्ता मोजणारा. कुणी बघत नसतानासुद्धा खोटं न मोजणारा. लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून सरळ सांगतेय. मला तो आवडलाय."

बाबांचा उजवा पाय वाळूत घोट्यापर्यंत दाबला गेला.

"बाबा, ब्रेकवरून पाय काढा बघू," सुतळी म्हणाली, आणि त्यांच्या हातून सायकल आपल्या हातात घेतली. "ते दोर परत गाडीत ठेवा. मी उद्या सकाळी सायकलनंच परत निघणार आहे, त्याच रस्त्यानं."